वाहक

माझ्या मायची एक साक्ष आहे. प्रार्थनेच्या घरात सगळ्यांसमोर उभं राहून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, याला आम्ही साक्ष म्हणतो. मायची ही साक्ष राजुऱ्याच्या आमच्या मंडळीत इतक्यांदा झाली आहे, की मधेच तिला ठसका लागला तर पुढचं वाक्य कोणीही पुरं करून देईल. माझी थोरली दहावीत होती, तिचा बाप वारला होता, तिला नोकरी लागावी म्हणून मी एक वेळ जेवून प्रार्थना करत होते, प्रभू, तुझी इच्छा काय ती मला दाखव. आणि त्याच दिवसांत शाळेत दवाखान्याचे लोक आले, पोरीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि तिच्या हातात पिवळं कार्ड दिलं. कार्डावर लिहिलं होतं, वाहक. पाच वर्षांनी पोरगी एसटीत लागली. काय म्हणून? वाहक म्हणून. इथं टाळ्या पडतात, खंजिरी वाजते आणि एखादी म्हातारी पदरानं डोळे पुसते.

ती पोरगी मी. राजुरा-गडचांदूर फेरीवर तिकिटं काढते, उभ्या लोकांना मागं सरका म्हणून ओरडते, आणि बिल्ल्यावर वाहक लिहिलेलं आहे हेही खरं. पण ते पिवळं कार्ड नोकरीचं नव्हतं हो. ते सिकलसेलचं कार्ड होतं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा रक्ताचा आजार गावोगाव आहे. ज्याला आजार आहे त्याला लाल कार्ड, ज्याच्या रक्तात काहीच नाही त्याला पांढरं, आणि जो स्वतः धडधाकट आहे पण आजार पुढच्या पिढीत नेऊ शकतो त्याला पिवळं. त्याला वाहक म्हणतात. बाप वाहक आणि आईही वाहक निघाली, तर लेकराच्या वाट्याला लाल कार्ड येऊ शकतं. बस, एवढीच गोष्ट आहे. शाळेत तक्ता लावून सांगितली होती, आणि लग्न हा शब्द आल्यावर आम्ही मुली एकमेकींना कोपर मारून हसत होतो.

मायला हे कोणी समजावलं नाही असं नाही. मी समजावलं, गावातल्या आशाताईनं समजावलं, एकदा तर डॉक्टरनं पाटीवर गोल काढून दाखवले. ती ऐकून घेते, मान हलवते आणि पुढच्या रविवारी पुन्हा तीच साक्ष देते. कार्डाला तिनं प्लास्टिक लावून घेतलं आहे. एखादं माणूस चुकतं, ठीक आहे, सगळेच चुकतात. पण चुकीला प्लास्टिक लावून ठेवायचं म्हणजे काय म्हणावं बाप्पा?

आता माझंही सांगते, नाहीतर सगळा राग मायवर काढून मी मोकळी झाले असं व्हायचं. माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा मला ते कार्ड आठवलं होतं. मी मायला म्हटलंही, की पोराचं रक्त तपासायला सांगू. माय रडायलाच लागली. प्रभूनं ज्या कार्डावर तुला भाकर लिहून दिली, त्याला तू दुखण्याचं कार्ड म्हणतेस? दोन्ही घरांनी तीन दिवस उपास-प्रार्थना केली. पास्टरला मनात शांती मिळाली, म्हणजे आमच्या भाषेत प्रभूचा होकार आला, पोराच्या घरच्यांना शांती मिळाली, मायला तर आधीपासूनच शांती होती. मी गप्प बसले. खोटं काऊन बोलू, मला पोरगा आवडला होता. खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला, बोलायला कमी, आणि हसला की गालावर काजळी दिसायची. मीही गुडघे टेकून म्हटलं, प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. म्हणताना माझं मन काय म्हणत होतं ते मला माहीत आहे. ते म्हणत होतं, माझ्या इच्छेप्रमाणे होवो, आणि सही तुझी राहू दे.

पोरगी झाली. दीड वर्षाची असताना तिचे हात-पाय सुजले, बोटं इतकी फुगली की मूठ मिटेना, आणि ती रडायची ते रडणं मी आजही कानातून काढू शकलेले नाही. चंद्रपूरला नेलं. तिथं तिला लाल कार्ड मिळालं आणि तिच्या बापाला पिवळं. मायनं नातीच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले आणि म्हणाली, प्रभूची इच्छा. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर मायवर ओरडले. पुन्हा हा शब्द माझ्या पोरीच्या अंगावर टाकलास तर घरी येऊ नको म्हणाले. शेजारच्या बाकावरच्या बाया तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या, पाहू दे म्हटलं.

तेव्हापासून हा शब्द मी नीट न्याहाळते. माझ्या असं लक्षात आलं, की आमच्या लोकांना प्रभूची इच्छा नेमकी तिथंच सापडते जिथं कोणालाच उठून काही करायचं नसतं. प्रार्थनेच्या घराच्या विहिरीवरची मोटर जळली तेव्हा कोणी इच्छा विचारत बसलं नाही. दुपारच्या आत मिस्त्री आला. पत्र्यावर माकडं नाचली तेव्हा चाळीस माणसं काठ्या घेऊन धावली. पण बाईला मारणारा नवरा, दारू, पोरीचं शिक्षण, रक्ताची तपासणी, हे विषय निघाले की सगळ्यांचे डोळे मिटतात आणि 'प्रार्थनेत ठेवू या' सुरू होतं. कोणाला नाही म्हणायचं असेल तर आमच्याकडे सरळ नाही म्हणत नाहीत, प्रार्थनेत ठेवतात. तिथं ठेवलेली गोष्ट पुन्हा कोणाला दिसत नाही.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं ठरायला आलं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरून देते, दिवसभर दाखले आणि अंगठे. तिचंही कार्ड पिवळं. पोरगा घुग्घुसचा, सिमेंटच्या कारखान्यात पाळीनं काम करायचा आणि तिकडच्या मंडळीत कीबोर्ड वाजवायचा. गोड गळा, साधा स्वभाव. दोघांची ओळख एका उपास-प्रार्थनेत झाली आणि नंतर फोनवर वाढली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मला एकच पाहिजे होतं. लग्नाआधी त्या पोराचं रक्त तपासलं जावं. नंतर नाही, पोट राहिल्यावर नाही, आधी. माझ्या पोरीचं जे झालं ते बहिणीच्या लेकराचं होऊ नये, यापलीकडे माझं काही मागणं नव्हतं.

मी आधी बहिणीलाच गाठलं. ती फोनमध्ये तोंड खुपसून बसली होती. म्हणाली, त्याच्या घरी कोणालाच सिकल नाही, मग कशाला? मी म्हटलं, माझ्या घरी तरी कोणाला होतं? ती हसली. ताई, तू बसमध्ये तिकीट तपास, इथी कायले तपासून राह्यली, असं म्हणून उठून गेली. दार लोटताना मात्र हळूच बोलली, की त्याला विचारलं आणि तो नाराज झाला तर? तेव्हा मला समजलं की पोरगी घाबरली आहे. सगळं माहीत असून घाबरली आहे, जशी मी घाबरले होते. मला तिचा राग आला आणि माझाही आला.

मायला विचारण्यात अर्थ नव्हता, तरी विचारलं. तिला तीन वेळा एकच स्वप्न पडलं होतं, पांढऱ्या कपड्यातला कोणी पोराच्या डोक्यावर तेल ओततो आहे, म्हणजे प्रभूनंच तो निवडला आहे. मी म्हटलं, त्या पांढऱ्या कपड्यातल्याला जरा सांग, तेल ओतून झालं की बोटही टोच. माय दोन दिवस बोलली नाही.

मग मी पास्टरकडे गेले. माणूस वाईट नाही. अहेरीकडच्या जंगलातल्या गावांत पायी फिरलेला, तापात लोकांना खांद्यावर आणलेला. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट माणूस असता तर दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, की प्रार्थना म्हणजे आपली इच्छा देवाच्या गळी उतरवणं नसतं. आपण त्याच्या इच्छेखाली यायचं असतं. दोन्ही घरांनी प्रार्थना केली, पुष्टी मिळाली, आता सुईनं पुन्हा विचारायचं म्हणजे प्रभूची परीक्षा पाहणं.

मी म्हटलं, पास्टरभाऊ, आमचा ड्रायव्हर रोज सकाळी गाडी काढायच्या आधी चारही बाजूनं फिरतो, टायरला लाथ मारून पाहतो. मग गाडीत बसून गळ्यातल्या देवाला हात लावतो. त्याला तुम्ही अविश्वासी म्हणाल का? तुमचं लेकरू त्या गाडीत असेल तर टायर न पाहता नुसता हात लावणारा ड्रायव्हर चालेल का तुम्हाला? ते थोडं हसले. मग म्हणाले, बाई, तुमच्या मनात कडूपणा आहे, त्यासाठी आपण प्रार्थना करू. मी म्हटलं, कडूपणा आहे, भरपूर आहे, पण त्याची चाचणी करून घेतलेली आहे. तुम्ही पोराची करा. चहा तसाच ठेवून मी निघाले. बाहेर येऊन मला वाईट वाटलं, कारण त्यांच्या बायकोनं तो आलं घालून केला होता.

ठरलेल्या रविवारी उपासनेनंतर मायच्या घरी शब्द द्यायचा कार्यक्रम होता. म्हणजे पोराकडचे येतात, बायबलमधलं वचन वाचतात, दोघांच्या हातावर हात ठेवतात, आणि मग लग्न मोडता येत नाही. मोडलं तर दोन्ही मंडळ्यांत तोंड दाखवायची सोय नसते. अंगणात चटया टाकल्या होत्या, दुपारचं ऊन होतं, पोरानं कीबोर्ड आणला होता. माय सकाळपासून मला पाहून न पाहिल्यासारखं करत होती. शेवटची प्रार्थना आमच्याकडे पोरीकडच्या थोरल्यानं करायची असते. बाप नाही, भाऊ नाही, म्हणून तो मान माझा. मायनं तो मला दिला. मला वाटतं तिला समेट करायचा होता. इतक्या लोकांसमोर मी गोडच बोलीन असा तिचा हिशोब असावा.

आमच्या मंडळीची एक रीत आहे. प्रार्थना करणारा एक वाक्य म्हणतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. शेवटी एकदा नाही, प्रत्येक वाक्याला. आणि प्रार्थनेत आमची भाषाही बदलते, मले-तुले सोडून सगळे पुस्तकासारखं बोलायला लागतात. मी उभी राहिले, पदर डोक्यावर घेतला, सगळ्यांचे डोळे मिटलेले पाहिले आणि माझेही मिटले. पोरानं कीबोर्डवर एक सूर धरून ठेवला. मी काही ठरवून आले नव्हते, हे कोणी मानत नाही, पण खरं आहे.

"प्रभू, तू सर्व काही जाणतोस," मी म्हटलं. आमेन.

"या दोन्ही लेकरांच्या रक्ताचा थेंब न थेंब तुला ठाऊक आहे." आमेन, होय प्रभू.

"मुलीच्या रक्तात काय आहे ते तू आम्हाला आधीच दाखवलंस." मायनं सगळ्यांत आधी आमेन म्हटलं.

"मुलाच्या रक्तात काय आहे तेही तू दाखवावंस." आमेन. इथं पोराचा आवाज सगळ्यांहून मोठा होता. बिचारा सुरात होता.

"मंगळवारी सकाळी तो सरकारी दवाखान्यात जाऊन बोटातून रक्त देईल, आणि तू जे दाखवशील ते आम्ही सगळे मान्य करू." आमेन, असं निम्मे लोक म्हणून बसले. उरलेल्या निम्म्यांचं तोंडातच राहिलं. कीबोर्डचा सूर थांबला.

मी डोळे उघडले नाहीत. "आमच्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो," मी म्हटलं. आता याला कोण आमेन म्हणणार नाही? सगळ्यांना म्हणावं लागलं.

 पोराकडच्या एका काकांनी घसा खाकरला. माय मान खाली घालून चटईची काडी ओढत होती. बहिणीचा चेहरा लाल झाला होता, आणि ती माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी तिच्या ताटात माती टाकली. मी पास्टरकडे पाहिलं. मला वाटलं ते आता मला सगळ्यांसमोर झाडतील, आणि त्याला माझी तयारी होती, मीही सोडणार नव्हते.  ते एवढंच म्हणाले, "आपण आमेन म्हटलं आहे. देवासमोर म्हटलं आहे." पोरगा म्हणाला, जाऊन येतो न, त्याच्यात काय आहे. हातावर हात ठेवायचं त्या दिवशी राहिलं, आणि लोकांनी पोहे खाल्ले.

मंगळवारी मी ड्युटी बदलून घेतली. पोरगा रात्रपाळी करून तसाच मोटारसायकलवर आला होता, भुवयांवर सिमेंटची पूड. बहीण आली नाही. तपासणी साधी असते. काचेच्या नळीत औषध, त्यात रक्ताचा थेंब, आणि नळीमागं रेघा मारलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर रक्त ठीक. नळीतलं गढूळ झालं आणि रेघा दिसल्या नाहीत तर पुढची तपासणी जिल्ह्याला. पाच मिनिटं आम्ही दोघं त्या नळीकडे पाहत बसलो. मी मनात काय म्हणत होते ते सांगू? दिसू दे, रेघा दिसू दे. इच्छा-बिच्छा काही नाही, नुसतं दिसू दे. इतके दिवस सगळ्यांशी भांडून मी तपासणीपर्यंत आणलं, आणि तिथं बसून मला कळलं की मला त्या पोराच्या विरोधात काही सापडायला नकोच आहे.

रेघा दिसल्या नाहीत. पोरानं पुन्हा करायला सांगितलं. पुन्हाही दिसल्या नाहीत. तीन आठवड्यांनी जिल्ह्याहून कार्ड आलं, पिवळं, ते घ्यायलाही मीच त्याच्याबरोबर गेले. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, वाहक लिहिलं आहे. आता मलेही एसटीत घेते का?" मला हसू फुटलं आणि लगेच त्याचा राग आला, कारण असा पोरगा मी बहिणीच्या हातून काढून घेत होते. दवाखान्यातल्या बाईनं त्याला सगळं समजावलं. दोघंही वाहक असले तर दर खेपेला चारात एक भीती लाल कार्डाची. लग्न करायचंच असेल तर पोट राहिल्यावर लवकर नागपूरला जाऊन तपासता येतं, पुढचं तुम्ही ठरवायचं. पोरगा कार्ड खिशात घालून गेला.

मग घरात जे व्हायचं ते झालं. माय म्हणाली, मी प्रभूच्या तोंडचा शब्द ओढून काढला. मंडळीत बायांनी माझ्या शेजारी बसायचं सोडलं. एकीनं तर साक्षीत नाव न घेता सांगितलं, की काही लोक प्रार्थनेचा विळ्यासारखा उपयोग करतात. मी तिथंच बसून होते. ज्यांनी आमेन म्हटलं होतं त्यातली ती एक. आणि बहीण? ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली. रस्त्यात माझी गाडी दिसली की दुसऱ्या गाडीची वाट पाहायची. दोनदा मी खिडकीतून हाक मारली, तिनं पाठ केली. मला तिचा राग यायचा, म्हणजे इतका की तिकिटाचं मशीन आपटावं. मी तिचं भलं केलं होतं, आणि भलं केलं म्हणून ती मला माफ करत नव्हती.

डिसेंबरात थंडी पडली की माझ्या पोरीचं दुखणं उठतं. त्या वर्षी तिला दहा संपून अकरावं लागलं होतं. नडग्यांमध्ये आणि पाठीत असं दुखतं की पांघरुणाचा भारही सहन होत नाही. गोळी दिली होती, पाणी पाजत होते, आणि अंगणात उन्हात खाट टाकून गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत होते. अकराच्या सुमाराला फाटक वाजलं आणि बहीण आली. चार महिन्यांनी. न बोलता खाटेच्या पायथ्याशी बसली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि भाचीची नडगी शेकायला लागली. पोरीचे डोळे मिटलेले होते. आम्हाला वाटलं झोपली.

"मी त्याले नाई म्हटलं," बहीण म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं हात वर केला. "तू खुश नको होऊ. अन् प्रभूची इच्छा होती म्हणूनही नको म्हणू. माही इच्छा त्याच्यासंग राहाची होती. मी ती मोडली, मी. पास्टरनं नाई, तू नाई, कोणीच नाई."

मी मान हलवली.  तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात थांबत नव्हता. तिला जवळ घ्यावं वाटलं, पण तिनं घेऊ दिलं नसतं.

तेव्हा पोरगी बोलली. डोळे मिटूनच. "आई, तुले पह्यलेच बाबाचं कार्ड माहीत असतं, तर तू बाबाले नाई म्हटलं असतं का?"

बहिणीचा हात थांबला. तिनं वर पाहिलं. दोघी माझ्या उत्तराची वाट पाहत होत्या, एक डोळे मिटून आणि एक डोळे उघडून.  पोरीला नाही म्हणावं, तर बहिणीनं आत्ताच जे मोडलं ते मी तिच्या तोंडावर खोटं पाडते. आणि हो म्हणावं, तर ते ऐकायला समोर माझं लेकरू पडलं आहे. चार महिने मी सगळ्या गावाला सांगत फिरले होते की खरं काय ते आधी माहीत करून घ्या. आता माझ्याच दारात ते मला विचारलं जात होतं.

"हो," मी म्हटलं. "नाई म्हटलं असतं."

पुढं मला पुष्कळ म्हणायचं होतं. की मग तू मला भेटली नसतीस. की तुझ्याशिवायची मी मला माहीतच नाही. की तू पाहिजेस, तुझं दुखणं नको आहे, आणि ही दोन वेगळी वाक्यं आहेत. यातलं एकही तोंडातून निघायच्या आधी ती म्हणाली,

"बरं झालं असतं."

रागानं नाही म्हणाली, रडून नाही. पाणी दे म्हणते तशा आवाजात म्हणाली. मग कूस बदलायला लागली, तिला जमेना, आम्ही दोघींनी तिला धरून वळवलं. मावशीनं तिच्या कपाळावर तोंड टेकवलं आणि तशीच राहिली.

त्या दिवसापासून मी प्रार्थनेत 'तुझी इच्छा असेल तर' म्हणत नाही. प्रभूची इच्छा काय असते ते मला समजत नाही, ज्यांना शांती मिळते त्यांना विचारा. पण अकरा वर्षांच्या पोरीनं आपण नसतो तर बरं झालं असतं असं म्हणावं, ही त्याची इच्छा नाही. हे मला स्वप्नात दिसलेलं नाही, कोणी पुष्टी दिलेली नाही, तरी मला पक्कं माहीत आहे. रोज पहाटे पहिल्या फेरीला निघायच्या आधी ती झोपलेली असते, मी तिच्या उशाशी उभी राहते आणि देवाला सांगते, की तिचं ते वाक्य तुला पटत नसेल तर तू तिला तसं सांग, मी सांगून थकले. त्यानं अजून सांगितलेलं नाही. मी उद्या पुन्हा उभी राहणार आहे.